क्षयरोग : जंतू एक, कारणे अनेक

क्षयरोग, म्हणजेच आपण ज्याला टी.बी. म्हणतो, हा काही नवा आजार नाही. तरीही आपल्या वस्त्यांमध्ये त्याचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. मुलीचे लग्न मोडेल, घरमालक खोली खाली करायला लावेल, या भीतीने आजार लपविला जातो. म्हणूनच हा रोग कशामुळे होतो आणि कोणाला लवकर गाठतो, हे प्रत्येक सभासदाने व विद्यार्थ्याने समजून घेणे आवश्यक आहे.

24 मार्च 1882 रोजी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. तेव्हापासून पाप, करणी, दैव या समजुतींना काहीही आधार उरलेला नाही. हा रोग आनुवंशिकही नाही. एका घरात अनेकांना होतो, तो बहुधा एकाच हवेत राहिल्यामुळे. फुफ्फुसाचा क्षय झालेला रुग्ण खोकतो तेव्हा जंतू हवेत पसरतात व दुसऱ्याच्या श्वासावाटे आत जातात. ताट-पेला किंवा कपडे यांतून रोग पसरत नाही. रुग्णाचे ताट वेगळे केल्याने त्याचे दुःख वाढते, रोग थांबत नाही.

परंतु जंतू शरीरात गेला म्हणजे रोग झालाच, असे नाही. संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते व्यवहार थांबलेले खाते असते. प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा सुरू होते. धोका वाढविणारी प्रमुख कारणे अशी :

1) कुपोषण : अपुऱ्या आहारामुळे रोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो. भारतात हे फार मोठे कारण आहे.

2) दाटीची वस्ती : एका खोलीत सात-आठ माणसे, खिडकी नाही, ऊन नाही, अशा ठिकाणी जंतू हवेत बराच वेळ टिकतात.

3) धुळीचे काम : दगडखाणीत व खडी फोडण्याच्या कामात सिलिकाची धूळ फुफ्फुसे निकामी करते.

4) इतर आजार : एच.आय.व्ही. बाधितांना धोका कैक पटींनी, तर मधुमेहींना दोन ते तीन पटींनी अधिक असतो.

5) व्यसने : विडी-सिगारेट व अतिरिक्त दारू.

या यादीकडे नीट पाहिले, तर लक्षात येते की यातील बहुतेक कारणे गरिबीच्या घरात एकत्र राहतात. मग दोष एकट्या रुग्णाला का द्यायचा? झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात रुग्णांच्या कुटुंबीयांना तांदूळ, डाळ इत्यादी जादा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाले. पोटभर अन्न हेही रोगाला अडविते, हे यावरून सिद्ध होते.

तेव्हा आपण काय करावे? दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही आढळल्यास सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. तपासणी व औषधे तेथे मोफत आहेत. नेहमीच्या क्षयावर साधारण सहा महिने उपचार लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच औषध सोडल्यास जंतू औषधाला दाद देईनासा होतो. घरातील इतरांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणीही अवश्य करावी.

बंधू-भगिनींनो, शेजारी रुग्ण असेल तर त्याच्या दारावरून तोंड फिरवून जाऊ नका. त्याच्या घरात दोन वेळचे जेवण आहे का, त्याची रोजची गोळी चुकत नाही ना, एवढे विचारा. रोग लपविण्याची वेळ कोणावर आली नाही, तर तो लवकर सापडेल आणि लवकर बराही होईल.