हिवाळी पाऊस आणि किनाऱ्यावरची वाट

डिसेंबरात पाऊस कोसळला की आपल्याकडे वाडीतल्या भाजीची आणि वाळत घातलेल्या बोंबलांची चिंता होते. आपल्या पायांची चिंता मात्र कोणी करीत नाही. २०१७ साली ओखी चक्रीवादळाच्या वेळी मीही केली नव्हती.

त्या वर्षी ४ आणि ५ डिसेंबरला वसई-विरार पट्ट्यात पाऊस झाला. शाळांनाही सुट्टी द्यावी लागली. पुढच्या रविवारी, १० तारखेला, आम्ही सकाळी फिरणारे सात-आठ जण भुईगावच्या किनाऱ्याकडे निघालो. हवा स्वच्छ झाली होती. सुरूच्या झाडांपलीकडे ओहोटी लागली होती आणि ओल्या वाळूवर कुरव पक्ष्यांचे थवे उतरले होते. वाडीतून जाणाऱ्या पायवाटेवर मात्र घोटाभर पाणी साचले होते. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक चपला हातात घेऊन त्यातून सरळ चालत गेले. थंडीने त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या.

नवव्या दिवशी सर माझ्या दवाखान्यात आले. थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी. घरोघरी सर्दी-तापाचे दिवस. मी साधा फ्लू समजून औषध दिले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी त्यांना पुन्हा घेऊन आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हे पोटऱ्यांना हातसुद्धा लावू देत नाहीत." डोळे लालबुंद होते, पण चिपडे नव्हती. लघवीही कमी झाली होती. तेव्हा मला ती पायवाट आठवली! त्यांना ताबडतोब रुग्णालयात दाखल केले. आजार निघाला लेप्टोस्पायरोसिस. सुदैवाने ते बरे झाले. पण त्या वाटेवर मी स्वतः बरोबर असूनही पहिल्या दिवशी विचारले नाही, ही चूक माझीच.

हा आजार होतो कसा?

याचे जंतू उंदीर, घुशी, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि साचलेल्या गोड्या पाण्यात, ओल्या मातीत टिकून राहतात. खारट पाण्यात ते फार काळ तग धरत नाहीत आणि कोरड्या जागी तर मरतातच. म्हणजे किनाऱ्यावर जाताना भीती समुद्राची नाही, वाटेवरच्या डबक्याची आहे. जखम, भेग किंवा पाण्याने मऊ पडलेल्या त्वचेतून, तसेच डोळ्यांतून व तोंडातून जंतू शरीरात शिरतात. साधारण ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्यानेही, ताप येतो.

काळजी कोणती घ्यावी?

फिरायला जरूर जा. मात्र पाऊस पडून गेल्यावर पुढचे काही दिवस अनवाणी चालू नका. साचलेले पाणी टाळा. टाळता येत नसेल तर गमबूट घाला. पायावरची जखम झाकून घ्या. घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करा. मधुमेह असलेल्यांनी तळपाय रोज पाहावेत. कालवांच्या शिंपल्याने पाय कापला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

जखमी पायाने अशा पाण्यातून चालणे झालेच, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. गरज वाटल्यास ते डॉक्सिसायक्लिनचा प्रतिबंधक डोस देतात. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी औषध वेगळे असते, म्हणून ते दुकानातून परस्पर घेऊ नये.

तापाकडे दुर्लक्ष नको

ताप आल्यास पॅरासिटामॉल चालेल. अॅस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, कारण हा डेंग्यूही असू शकतो. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्ताची तपासणी निर्दोष येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहू नका. डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा कुठूनही रक्त येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रुग्णालय गाठा. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

पावसाळ्यात आम्ही डॉक्टर "पाण्यातून चाललात का?" असे विचारतो. हिवाळ्यात तो प्रश्न आमच्याही तोंडी येत नाही. म्हणून, वाचकहो, आम्ही विचारले नाही तरी तुम्ही आपणहून सांगा. माझ्या शिक्षक मित्राचे दोन दिवस त्या एका न विचारलेल्या प्रश्नात वाया गेले.