पन्नाशीपुढील शेतकऱ्याचें अन्न व बळ

ज्यांच्या दावणीस अजून बैलजोडी आहे अशा नागपूर-वऱ्हाडकडील शेतकऱ्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाहीं. उन्हाळाभर नुसत्या कडब्यावर उभा राहिलेला बैल मृगांत जुवाखालीं टिकत नाहीं. म्हणून पेरणीचे दिवस जवळ आले कीं तो सरकीची ढेप आणतो, तुरीची चुणी भिजवितो, आणि जनावर उतारवयाचें असेल तर त्याच्या झिजलेल्या दांतांस झेपेल असें कुटार त्यास ओलें करून घालतो. हाच शेतकरी स्वतः पन्नाशी ओलांडतो तेव्हां मात्र स्वतःस कडब्यावर ठेवतो. दोन वेळां भात-पोळी, वाटींत तळ दिसेल असें वरण, आणि दिवसांतून चार वेळां चहा, एवढ्यावर त्याचें चालतें. पुढें मांड्यांतील बळ गेलें म्हणजे "आतां वय झालें" असें म्हणून तो ओट्यावर बसतो. वय झालें हें खरें, परंतु गेलेल्या बळापैकीं किती वयानें नेलें आणि किती अन्नानें व बैठकीनें नेलें, हा हिशेब त्यानें कधीं मांडलेला नसतो. तो येथें मांडावयाचा आहे.

मनुष्याचे स्नायू तिशीनंतर हळूहळू घटूं लागतात. दर दहा वर्षांस ही घट शेंकडा तीन ते आठ इतकी धरतात, व साठीनंतर तिचा वेग वाढतो. ती सहसा दिसून येत नाहीं, कारण गेलेल्या स्नायूंची जागा चरबी भरून काढते आणि काट्यावर वजन होतें तेवढेंच राहतें. ती प्रथम कळते ती मांड्यांत. जमिनीवरून उठतांना हात टेकावा लागतो, एस. टी. च्या पायरीस दांडा घट्ट धरावा लागतो, पाण्याची बादली एका दमांत न्हाणीपर्यंत जात नाहीं. स्नायू हे केवळ ओझें उचलण्याचें साधन नव्हे. जेवणांतून रक्तांत उतरलेल्या साखरेचा मोठा वांटा तेच उचलतात, आणि तोल गेला असतां मनुष्यास सांवरून धरतात तेही तेच. ते घटले म्हणजे मधुमेह जवळ येतो आणि पडून खुब्याचें हाड मोडण्याचें भय वाढतें.

शेतकऱ्यास व्यायाम कशास पाहिजे, त्याचा जन्मच कष्टांत जातो, असें यावर कोणी म्हणेल. पूर्वीं हें बोलणें पुष्कळ अंशीं खरें होतें. मोटेच्या मागें चालणारा, दिवसभर वखर व डवरा धरणारा, गांवाहून बाजारास पायीं जाणारा शेतकरी आज क्वचितच आढळतो. नांगरणी ट्रॅक्टरनें होते, विहिरीवर पंप आहे, धुऱ्यापर्यंत मोटारसायकल जाते. जे कष्ट उरले आहेत तेही हंगामी आहेत. मृगापासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत अंग मोडून निघतें आणि चैत्र-वैशाखांत महिना महिना पाऊलही उचलत नाहीं. त्यांतच मुलाच्या हातीं कारभार दिला म्हणजे वर्षाचे बाराही महिने चैत्रासारखे होतात. साठीच्या मनुष्यानें आठ-दहा दिवस खाटेवर काढले तरी त्याच्या पायांतील बळाची जी हानी होते ती भरून येण्यास महिने लागतात. म्हणून आजारांतून उठलेल्या वडिलांस "पडून रहा" असें प्रेमानें सांगणारा मुलगा पुष्कळदां त्यांचें नुकसान करीत असतो.

गेलेलें बळ उतारवयांत परत येतें काय? येतें. इ. स. १९९० मध्यें अमेरिकेंतील बोस्टन शहरीं वृद्धाश्रमांतील दहा वृद्धांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय ९० होतें. आठ आठवडे त्यांच्याकडून मांड्यांच्या स्नायूंवर झेपेल तितकें वजन उचलवून घेण्यांत आलें. ज्यांनीं तो क्रम पुरा केला त्यांचें त्या स्नायूंतील बळ सरासरीनें अडीच पटींहून अधिक झालें. नव्वदींत जें साधतें तें पंचावन्नाव्या वर्षीं साधणार नाहीं असें मानण्यास कारण नाहीं.

परंतु केवळ श्रमानें स्नायू घडत नाहींत. त्यास माल लागतो, आणि तो माल म्हणजे प्रथिनें. आमच्याकडील खरी उणीव येथें आहे, म्हणून याचा विस्तार थोडा अधिक करितों. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या मानाप्रमाणें प्रौढ मनुष्यास शरीराच्या दर किलो वजनामागें ०.८३ ग्रॅम प्रथिनें रोज पाहिजेत. ६० किलो वजनाच्या मनुष्यास हीं सुमारें ५० ग्रॅम होतात. वृद्धांच्या शरीरांत अन्नांतील प्रथिनांचा स्नायूंसाठीं होणारा उपयोग मंदावतो, म्हणून पुष्कळ तज्ज्ञ त्यांस किलोमागें एक ग्रॅम किंवा किंचित् अधिक, म्हणजे त्याच मनुष्यास ६० ग्रॅमच्या वर द्यावीं असें सांगतात.

आतां आपली थाळी मोजून पाहूं. दिवसांत २०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम कणीक, वरणांत २० ग्रॅम डाळ, चहापुरतें दूध आणि थोडी भाजी, असा आहार धरला तर तांदुळांतून १६, कणकेंतून १६, डाळींतून ४ आणि दूध-भाजींतून ५ मिळून प्रथिनें ४० ग्रॅमच्या आसपास भरतात. पोट भरलेलें असतें, म्हणून उपाशीपणा जाणवत नाहीं. याच मनुष्यानें तांदूळ निम्मे करून २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी घेतल्या, डाळ ६० ग्रॅमवर नेली, पाव लिटर दूध किंवा त्याचें दहीं, मूठभर फुटाणे आणि थोडे शेंगदाणे घेतले, तर तोच आंकडा ६० च्या पुढें जातो. यांत बाहेरून विकत आणावें असें फारसें कांहीं नाहीं. धान्य व कडधान्य एकत्र खाण्यांतही मोठें मर्म आहे. धान्यांत जो घटक उणा तो डाळींत भरपूर असतो आणि डाळींत उणा तो धान्यांत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेंत कच्च्या धान्याचे तीन भाग व डाळीचा एक भाग असें प्रमाण सांगितलें आहे. आपल्या वाटींतील वरण या प्रमाणाच्या जवळपासही नसतें.

आणि हें घडतें कोठें, तर तूर, हरभरा व सोयाबीन पिकविणाऱ्या विदर्भांत! पोतीं भरून कळमन्याच्या बाजारांत जातात आणि पिकविणाऱ्याच्या घरीं वरण पळीनें मोजून वाढलें जातें. आमचें जुनें स्वयंपाकघर याबाबतींत दरिद्री नव्हतें. गोळा-भात, पातोडीचा रस्सा, वडा-भात, झुणका, मुगवड्या हे सारे पदार्थ डाळीचेच आहेत. पण ते पाहुणा आला तरच होतात. घरांतील वृद्धासाठीं आठवड्यांतून तीन दिवस गोळा-भात करण्यास पाहुण्याची वाट पाहण्याचें प्रयोजन नाहीं. अंडीं, मासे किंवा मांस ज्यांस चालतें त्यांचें काम सोपें आहे, कारण एका अंड्यांत सहा-सात ग्रॅम प्रथिनें असतात आणि वनस्पतींच्या अन्नांत न मिळणारें ब-१२ जीवनसत्त्वही असतें. शाकाहारी वृद्धांनीं या एका कारणासाठीं तरी दूध-दहीं सोडूं नये. दांत गेलेल्यांनीं फुटाण्यांचें पीठ ताकांत कालवून घ्यावें. सोयाबीन घरीं खावयाचें तर तें चांगलें शिजवून किंवा भाजून मगच दळावें व कणकेंत दहांत एक भाग मिसळावें. कच्चें सोयाबीन प्रथिनांच्या पचनास अडथळा करितें. जवसाची चटणी आमच्याकडे आहेच. तिच्यांतील तेल हृदयास हितकर आहे, तेव्हां ती मागें पडूं देऊं नये. मात्र पूर्व विदर्भांत स्वस्त म्हणून खाल्ली जाणारी लाखोळीची डाळ मुख्य अन्न करूं नये. ती सतत व भरपूर खाल्ल्यानें पाय कायमचे लुळे पडल्याचा इतिहास आहे.

घरांतील स्त्रियांविषयीं निराळें सांगणें अवश्य आहे. पाळी बंद झाल्यानंतर त्यांचीं हाडें पुरुषांपेक्षां लवकर ठिसूळ होतात, आणि नेमकी तीच स्त्री सर्वांच्या मागून, उरलें असेल तें खावयास बसते. वरण उरत नाहीं, भात उरतो. पन्नाशीच्या पुढील आई-मावशीची वाटी प्रथम भरून बाजूस ठेवण्याची चाल ज्या घरांत पडेल तेथें पुष्कळ औषधांचा खर्च वांचेल. निंदणास बसून बसून दुखावलेल्या गुडघ्यांस विश्रांति हवी हें खरें, पण तीही बेतानें. गुडघ्याभोंवतालचे स्नायू बळकट झाल्यानेंच तें दुखणें कमी होतें.

व्यायामाचें म्हणावें तर आमच्या प्रांतास तो नवा नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून हेंच काम करीत आलें आहे. परंतु तरुणपणच्या आखाड्यांतील पूर्ण जोर-बैठका साठीच्या गुडघ्यांवर लादूं नयेत. खाटेच्या काठावर बसून हात न टेकतां उठावें व पुन्हां सावकाश बसावें, असें दहा वेळां, थोडें थांबून पुन्हां दहा वेळां करावें. भिंतीस हात लावून उभ्यानें जोर काढावे. पाण्यानें अर्धी भरलेली कळशी दोन्हीं हातांनीं आळीपाळीनें उचलून अंगणाच्या टोकापर्यंत न्यावी. खांबाजवळ उभें राहून एका पायावर दहा अंक मोजावे. यानें तोल सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितल्याप्रमाणें आठवड्यांत निदान दीडशें मिनिटें भरभर चालणें, दोन दिवस बळाचे व्यायाम आणि पासष्टीपुढें तीन दिवस तोलाचे व्यायाम, एवढें पुरे आहे. चालणें भरभर म्हणजे किती, तर बोलतां यावें पण गातां येऊं नये इतकें.

चालण्याच्या बाबतींत वर्ध्याजवळचीं दोन उदाहरणें सर्वांस ठाऊक आहेत. गांधीजी १९३६ सालीं सेगांवीं राहावयास आले तेव्हां त्यांचें वय ६६ होतें आणि सकाळ-संध्याकाळचा फेरफटका त्यांनीं तेथेंही चालू ठेविला. पवनारचे विनोबा १९५१ सालीं भूदानासाठीं चालूं लागले तेव्हां ते ५५ वर्षांचे होते. पोटाचा जुना विकार असतां दूध-दह्यासारख्या साध्या अन्नावर ते तेरा वर्षें गांवोगांव चालले व १९६४ सालीं पवनारास परतले. त्यांच्याएवढें चालणें कोणास शक्य नाहीं व इष्टही नाहीं. घेण्यासारखा आहे तो त्यांचा नेम. ते पहाटेस निघत, आणि नागपूरकडे तर पहाटेवांचून दुसरी वेळच नाहीं.

येथील उन्हाळा हा वृद्धांचा खरा शत्रु आहे. २३ मे १९१३ नव्हे, अगदीं अलीकडच्या २३ मे २०१३ रोजीं नागपुरीं तापमान ४७.९ अंशांवर गेलें होतें. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते. शरीरास पाणी हवें असतें पण घसा कोरडा पडत नाहीं. म्हणून तहानेची वाट न पाहतां ताक, ज्वारीचें आंबील, कैरीचें पन्हें किंवा साधें पाणी घड्याळाच्या काट्यावर घ्यावें, आणि एप्रिल-मेमध्यें चालणें व शेतांतील कामें सकाळीं आठच्या आंत उरकावीं. ज्यांस रक्तदाबासाठीं लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनीं उन्हाळा लागण्यापूर्वीं डॉक्टरांस मात्रा विचारून घ्यावी. मीठ एरव्हीं दिवसाला पांच ग्रॅमच्या आंत, म्हणजे लहान चमचाभर असावें. लोणचें व पापड यांतूनच तें पुरें होतें.

खऱ्याविषयीं थोडेंच लिहितों, कारण ऐकणारे थोडे. महाराष्ट्रांत गुटख्यास २०१२ सालीं बंदी झाली, पण सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा नागपूरच्या पानठेल्यावरून उठलेला नाहीं. त्यानें कर्करोग होतो हें सर्व जाणतात. त्याआधीं तोंड उघडेनासें होतें, तिखट सोसवत नाहीं, आणि मग भाकर, फुटाणे व डाळ सुटून मनुष्य पातळ चहा-भातावर येतो, हें मात्र ध्यानांत येत नाहीं.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून प्रथिनें वाढवूं नयेत, आणि छातींत दाटणाऱ्यांनीं किंवा चालतांना धाप लागणाऱ्यांनीं व्यायामापूर्वीं तपासून घ्यावें. रक्तदाब व साखर वर्षांतून एकदां तरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाहून घ्यावी. बाकीच्यांस उद्यांपासून आरंभ करण्यास हरकत नाहीं.

राहिला प्रश्न खर्चाचा. दोन वृद्ध माणसांस रोज प्रत्येकीं ६० ग्रॅम डाळ धरली तर वर्षास सुमारें ४४ किलो डाळ लागते. तुरीची डाळ शेंकडा ७० उतरते असें धरलें तर त्यासाठीं ६३ किलो तूर पुरते. एका क्विंटलचे दोन-तृतीयांशही नव्हे. तुरीचीं पोतीं कळमन्यास जाण्यासाठीं शिवलीं जातील त्यापूर्वीं एवढी तूर वाळवून, घरांत निराळ्या कोठींत ठेवून, त्या कोठीवर आई-वडिलांचें नांव घालावें.