तीन रंगांत वाटलेली ताकद

'डेड सेल्स' या खेळात ताकदीचा स्क्रोल सापडला की पडद्यावर रंग निवडायला सांगतात. लाल म्हणजे ब्रुटॅलिटी, जांभळा म्हणजे टॅक्टिक्स, हिरवा म्हणजे सर्व्हायव्हल. प्रत्येक रंग घेतल्यास हेल्थ किती वाढेल तेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि फसगत होते ती याच आकड्याने. एकाच रंगावर स्क्रोल घालत गेलात तर दर वेळी मिळणारी हेल्थ कमी कमी होत जाते. ज्या रंगाला अजून हात लावलेला नाही, तिथे मात्र मोठा आकडा दिसत राहतो. मी बराच काळ तो मोठा आकडा पाहूनच रंग निवडला. थोडा लाल, थोडा जांभळा, थोडा हिरवा. हेल्थची पट्टी लांबलचक व्हायची, सुरुवातीचे टप्पे आरामात पार पडायचे आणि क्लॉक टॉवर या पुढच्या टप्प्याला पोचलो की वारामागून वार करूनही समोरचा शत्रू उभाच. डाव तिथेच संपायचा.

याचं गणित साधं आहे, पण खेळ ते तुमच्यासमोर मांडत नाही. एका स्क्रोलमागे त्या रंगाच्या शस्त्रांचा मारा 15 टक्क्यांनी वाढतो आणि ही वाढ चक्रवाढ आहे. 12 स्क्रोल एकाच रंगात घातले तर मारा जवळजवळ 5.35 पट होतो. तेच 12 स्क्रोल चार-चार असे तिन्ही रंगांत वाटले तर प्रत्येक रंगाचा मारा जेमतेम 1.75 पट भरतो. इकडे शत्रू टप्प्यागणिक बळकट होत असतात. हेल्थ वाढवून तुम्ही जास्त घाव सोसू शकता खरं, पण लढाई तिप्पट लांबते आणि लांबलेल्या लढाईत घावही तितकेच जास्त बसतात. म्हणून पहिला आणि सगळ्यात मोलाचा सल्ला हाच: एक रंग धरा आणि सोडू नका. काही स्क्रोलमध्ये दोनच रंगांचा पर्याय मिळतो आणि त्यात तुमचा रंग नसतो, तेव्हा नाइलाज. एरवी मोहात पडू नका. बरीच शस्त्रं दोन रंगांची असतात आणि त्यांचा मारा तुमच्या वरचढ रंगाप्रमाणे धरला जातो, त्यामुळे एकरंगी खेळलात तरी निवडीला वाव भरपूर राहतो.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या 'मोशन ट्विन' या कामगारांच्या सहकारी संस्थेने तो बनवला. ऑगस्ट 2018 मध्ये तो पूर्ण स्वरूपात बाहेर आला, आयफोनवर 2019 मध्ये आणि अँड्रॉइडवर 2020 मध्ये पोचला. पेशींचा एक गोळा तुरुंगात पडलेल्या बिनडोक्याच्या धडात शिरतो आणि ते धड चालू लागतं, तेच आपलं पात्र. शत्रू मारले की त्यांच्यातून पेशी मिळतात. एक टप्पा संपून दुसरा सुरू होण्याआधी कलेक्टर नावाचं पात्र भेटतं, त्याला पेशी देऊन नवी शस्त्रं आणि कायमच्या सोयी मिळवायच्या. त्याच मोकळ्या जागेत गियां नावाचं पात्र म्युटेशन, म्हणजे त्या डावापुरती खास क्षमता, देतं. एका डावात जास्तीत जास्त तीन. मेलात की शस्त्रं, स्क्रोल, म्युटेशन, हातातल्या पेशी सगळं जातं आणि पुन्हा तुरुंगाच्या कोठडीतून सुरुवात. टप्प्यांची नावं आणि क्रम ठरलेले असतात, पण आतली वाट दर वेळी नव्याने रचली जाते.

उत्क्रांतीची कल्पना या खेळात नुसती सजावटीला नाही. हाताला काय लागेल ते योगायोगावर असतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे मात्र तुमच्या हातात असतं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नैसर्गिक निवड वाचलेल्या मुलाला हे चटकन कळावं: जो सगळ्यांत बलवान तो टिकतो असं नाही, आजूबाजूच्या परिस्थितीशी ज्याचं जुळतं तो टिकतो. त्यामुळे डाव सुरू करण्याआधीच 'आज मी धनुष्यच वापरणार' असं ठरवून बसू नका. सुरुवातीला साधी तलवार हाती असते, सोबत धनुष्य किंवा ढाल घ्यायची. पहिल्या एक-दोन टप्प्यांत जे चांगलं शस्त्र सापडेल त्यावरून रंग ठरवा. तीनही बाजू सारख्याच वाटल्या तर नवशिक्याने हिरवा घ्यावा असं माझं मत आहे. ढाली आणि जड शस्त्रं त्या रंगात आहेत, हेल्थही जरा जास्त मिळते, चुकीला माफी थोडी जास्त.

शस्त्राच्या प्रेमात पडणं हा दुसरा धोका. पुढच्या टप्प्यात सापडणारी शस्त्रं वरच्या पातळीची असतात. दोन टप्प्यांपूर्वीची आवडती तलवार हळूहळू मागे पडते आणि आपल्याला ते जाणवत नाही, कारण हाताला तिची सवय झालेली असते. नवं शस्त्र जमिनीवर दिसलं की मारा किती हे वाचा, मग त्याखालच्या बारीक ओळी नक्की वाचा. 'विषबाधा झालेल्या शत्रूवर जास्त मारा', 'जळत्या शत्रूवर जास्त मारा' असं तिथे लिहिलेलं असतं. या ओळी एकमेकींशी जुळल्या तर साधं दिसणारं शस्त्रही भारी पडतं. नटक्रॅकर नावाचा हातोडा एरवी धीमा, पण गोठलेल्या किंवा सुन्न झालेल्या शत्रूवर त्याचा घाव क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा खूप जड, बसतो. मग दुसऱ्या हातात गोठवणारं काहीतरी ठेवा, की तोच हातोडा दाराआडच्या सगळ्यांना पुरून उरतो. असॅसिन्स डॅगर पाठीमागून मारला तर क्रिटिकल, म्हणजे शत्रूच्या अंगावरून लोळण घेऊन पलीकडे जायची सवय हवी. प्रत्येक शस्त्र तुमच्याकडून काहीतरी वागणूक मागतं. ती जमत नसेल तर ते शस्त्र कितीही चमकदार असलं तरी सोडा.

म्युटेशन निवडतानाही हीच कसोटी लावा. मारा वाढवणारं म्युटेशन मोहक दिसतं. पण नव्या खेळाडूने तीनपैकी एक जीव वाचवणारं ठेवावं. 'यग्दार ओरुस ली ऑक्स' हे लांब नावाचं म्युटेशन एका डावात एकदा मरणातून परत आणतं. अनुभवी लोक ते घेत नाहीत, त्यांना त्या जागेत मारा हवा असतो. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. ज्याला अजून शेवटचा बॉस पाहायला मिळालेला नाही, त्याने मात्र ते घ्यावं, कारण आणखी दोन टप्पे पुढे गेलात तर नवे शत्रू बघायला मिळतात, आणि या खेळात बघितल्याशिवाय शिकता येत नाही.

पेशी कशावर खर्च कराव्यात याबद्दल बरेच जण गडबडतात. आधी हेल्थची कुपी आणि तिचे पुढचे वाढीव घोट. त्यानंतर मेल्यावरही थोडं सोनं शिल्लक ठेवणारी सोय आणि सुरुवातीलाच वेगवेगळी शस्त्रं देणारी सोय. शस्त्रांची पाळी यांच्या नंतरची. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा: तुम्ही उघडलेलं प्रत्येक शस्त्र पुढच्या सगळ्या डावांत सापडू शकणाऱ्यांच्या यादीत येतं. न आवडणारी डझनभर शस्त्रं उघडलीत तर आवडती शस्त्रं हाताला लागण्याची शक्यता तितकीच कमी होते. शस्त्राचा सापडलेला ब्लूप्रिंट, म्हणजे आराखडा, कलेक्टरला दिला म्हणून लगेच पेशी घालून ते शस्त्र पूर्ण करायलाच हवं असं नाही. ब्लूप्रिंट मात्र देऊन टाका, कारण तो खिशात असताना मेलात तर तोही गेला. दुर्मीळ ब्लूप्रिंट हाती आला की मी उरलेला टप्पा धुंडाळणं थांबवून सरळ बाहेरच्या दाराकडे निघतो. तुम्हीही तसंच करा.

आता शापाची पेटी. तिच्यातून स्क्रोल आणि शस्त्र मिळतं, बदल्यात शाप लागतो: 10 शत्रू मारेपर्यंत एक जरी घाव लागला तरी मरण. बहुतेक जण आधी सगळा टप्पा साफ करतात आणि शेवटी निवांत पेटी उघडतात. माझा चांगला चाललेला डाव अशानेच गेला होता. उरलेले शत्रू दहा भरत नाहीत, शाप घेऊनच पुढच्या टप्प्यात शिरावं लागतं, आणि तिथे पहिलाच अनोळखी धनुर्धारी आडून बाण मारतो. पेटी दिसली की नकाशावर तिची जागा लक्षात ठेवा, आजूबाजूचे दुबळे, ओळखीचे शत्रू मुद्दाम जिवंत ठेवा, मग उघडा आणि एकेकाला गाठा. घाई करू नका. उडणारे आणि फुटणारे शत्रू असलेल्या टप्प्यात पेटी सोडून दिलीत तरी काही बिघडत नाही. तुमच्या हातात त्या वेळी काय शस्त्र आहे यावर हा निर्णय घ्या, पेटीत काय असेल यावर नाही. धनुष्य असेल तर दहा शत्रू लांबूनच संपतात. आखूड सुरी असेल तर प्रत्येकाच्या जवळ जावंच लागतं, आणि मग धोका दहा वेळा पत्करावा लागतो.

शत्रू वाचायला शिकणं हा या खेळाचा गाभा आहे, आणि त्याला कुठलाही स्क्रोल पर्याय नाही. बहुतेक शत्रू वार करण्याआधी क्षणभर थांबतात, त्यांच्या डोक्यावर उद्गारचिन्ह येतं. नवा खेळाडू ते दिसलं की मागे पळतो. पळू नका, लोळण घ्या. लोळताना तेवढ्या क्षणापुरता घाव लागत नाही, आणि शत्रूच्या अंगातून पलीकडे गेलं की त्याची पाठ मिळते. हातात ढाल असेल तर नेमक्या वेळी उचला. ढाल वेळेवर उचलली की घाव अडतो आणि फेकलेली वस्तू फेकणाऱ्याकडेच परत जाते. ही वेळ साधायला आठवडे लागू शकतात. दुसरी एक बाब फार लोकांच्या लक्षात येत नाही: घाव बसल्यावर हेल्थच्या पट्टीचा काही भाग थोडा वेळ केशरी राहतो. तेवढ्यात तुम्ही वार केलेत तर गेलेली हेल्थ परत मिळते. म्हणजे घाव लागला की कुपीकडे हात न नेता आधी समोरच्याला मारा. घाबरून मागे सरणाऱ्याला हा खेळ दुप्पट दंड करतो.

वेळेच्या दारांमागे धावू नका. ठरावीक वेळेच्या आत पोचलात तर उघडणारी ही दारं सोनं आणि पेशी देतात, पण त्यासाठी स्क्रोल मागे टाकून पळावं लागतं. टप्प्यांची ओळख पक्की झाली की हा विचार करा, त्याआधी नाही.

बॉससाठी सरावाची खोली आहे. ज्या बॉसला तुम्ही आधी भेटला आहात त्याच्याशी तिथे काहीही न गमावता लढता येतं. ब्लॅक ब्रिजवरच्या कन्सिअर्ज या बॉसपुढे वारंवार मरून सुरुवातीच्या टप्प्यांची नाहक पायपीट करण्यापेक्षा त्या खोलीत थोडा वेळ नुसतं लोळायला आणि उडी मारायला शिका, मारायचं नंतर. त्याच्या हालचाली मोजक्या आहेत आणि ठरलेल्या खुणा देऊन येतात.

माझा भाचा हा खेळ फोनवर खेळतो. 'मामा, बोट बटणावर पोचतच नाही,' ही त्याची तक्रार रास्त होती. फोनवर बटणं मोठी करता येतात, हलवता येतात, ब्लूटूथचा कंट्रोलर जोडता येतो. शिवाय वार आपोआप होणारा ऑटो-हिट मोडही आहे. आम्ही आधी बटणं त्याच्या अंगठ्याच्या मापाने लावली, आणि तेवढ्यानेच त्याचं लोळणं सुधारलं. 2022 मध्ये असिस्ट मोड आला, त्यात सापळ्यांचा मारा कमी करणं किंवा मेल्यावर कोठडीऐवजी त्याच टप्प्याच्या सुरुवातीपासून पुन्हा खेळणं अशा सोयी आहेत. काहींना त्यात कमीपणा वाटतो. मला वाटत नाही. ज्यांचे हात दुखतात, ज्यांची नजर मंद आहे, ज्यांना दिवसाकाठी अर्धाच तास मिळतो, त्यांच्यासाठी तो दरवाजा बनवणाऱ्यांनी विचार करून उघडला आहे. खुशाल वापरा.

आणि थकलेल्या हाताने खेळू नका. रात्री उशिरा, डोळे जड झालेले असताना, 'आता एवढा बॉस मारून झोपतो' म्हणून मी घालवलेल्या चांगल्या डावांची मला आजही हळहळ वाटते. लोळण घ्यायची वेळ क्षणाचीही नसते, आणि थकवा नेमका तोच क्षण खातो. हा खेळ अर्ध्या डावात बंद करता येतो. पुन्हा उघडलात की तुम्ही तिथेच असता, शस्त्रं, पेशी, म्युटेशन सगळं जागच्या जागी. तेव्हा बॉसच्या दाराशी उभे असाल आणि जांभया येत असतील, तर तिथेच बंद करा आणि सकाळी लढा.