आई-वडिलांसाठी घर सोपं करताय? आधी २५ हजारांची कामं, तोडफोड नंतर

घरात कुणी सत्तरीकडे झुकलंय, गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरलीय किंवा वॉकर आलाय. तुम्ही ठेकेदाराला बोलावता आणि तो थेट अख्ख्या बाथरूमचं दोन लाखांचं कोटेशन देतो. थांबा. बहुतेक घरांत पहिला टप्पा २५ हजारांच्या आत बसतो आणि त्यासाठी एकही फरशी फोडावी लागत नाही. खालचे दर पुणे, नाशिक, ठाणे अशा शहरांतले ढोबळ आहेत. दक्षिण मुंबईत जास्त मोजावे लागतील, तालुक्याच्या गावी मजुरी कमी पडेल.

सुरुवात कुठून?

ठेकेदाराच्या आधी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला घरी बोलवा. एका भेटीचे ८०० ते १,५०० रुपये. उठताना कोणत्या हाताचा आधार लागतो, दांडा किती उंचीवर हवा, कमोड किती उंच हवा, हे ज्यांच्यासाठी काम करायचंय त्यांना बसवून-उठवून ठरवायचं असतं. मापं लिहून घ्या. ठेकेदाराला हाच कागद द्यायचा.

पहिला टप्पा: एक-दोन दिवसांचं काम

ग्रॅब बार: स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेड, नग ८०० ते २,००० रुपये. बसवायचे नगामागे ३०० ते ५००. कमोडजवळ एक, शॉवरजवळ एक, दाराशी एक. टॉवेलची दांडी म्हणजे ग्रॅब बार नव्हे. माणसाचं वजन पडलं की ती स्क्रूसकट बाहेर येते. रबरी चकतीने चिकटणारे हँडल घेऊच नका. नव्या इमारतींत भिंती सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात, त्यात साधा फास्टनर काही दिवसांत सैल होतो. तिथे केमिकल अँकर मागा. नगामागे थोडे पैसे जास्त जातील, ते द्या.

कमोड रेझर: १,५०० ते ३,०००. साधा कमोड १५-१६ इंच उंच असतो, गुडघेदुखीला सीटसकट १८-१९ इंच बरा पडतो. त्यासाठी कमोड बदलण्याची गरज नाही.

अंघोळीचं स्टूल: १,२०० ते २,५००. पायांना रबरी बूच आणि उंची बदलण्याची सोय हवीच.

बाथरूमचं दार: आत उघडत असेल तर बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. सुतार १,५०० ते ३,००० घेईल. कडीही बाहेरून उघडता येईल अशी लावा.

दिवे: पलंग ते बाथरूम या वाटेवर तीन-चार सेन्सर दिवे, नग ३०० ते ७००. वाटेतले पायपुसणे आणि सुटे गालिचे उचला. याला खर्च शून्य.

दुसरा टप्पा: बाथरूम फोडायचंच असेल तर

साधारण ३५ चौरस फुटांच्या बाथरूमचं पूर्ण काम १ ते २ लाखांत जातं. वेळ १० ते १५ दिवस. भारतीय शौचकूप काढून कमोड बसवायला १५ ते ३० हजार आणि चार-पाच दिवस.

‘फक्त फरशी बदलतो, ४० हजार’ हे कोटेशन फसवं असू शकतं. फ्लॅटच्या बाथरूमखाली बहुधा खोलगट स्लॅब असतो, त्यात भर आणि पाइप असतात. फरशी निघाली की वॉटरप्रूफिंग दुखावतं, जुने पाइप उघडे पडतात आणि बिल वाढतं. म्हणून वॉटरप्रूफिंग आणि पाइप बदलण्याचे दर आधीच कोटेशनमध्ये लिहून घ्या. फरशी बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यायला लावा आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत स्वतः बघा.

फरशीच्या खोक्यावर ‘अँटी-स्किड’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. दुकानदाराला आर-रेटिंग विचारा; ओल्या जागेसाठी आर ११ मागा. दर चौरस फुटाला ६० ते १२० रुपये. जुन्या फरशीवर नवी चिकटवायचा सल्ला मिळाला तर आधी दार अडेल का आणि उतार जाळीकडेच राहील का, हे तपासा.

दार आणि रॅम्प

साधी व्हीलचेअर २४ ते २६ इंच रुंद असते. दाराची मोकळी जागा किमान ३२ इंच हवी, ३६ उत्तम. फ्लॅटमधली बाथरूमची दारं यापेक्षा अरुंद असतात. चौकट रुंद करायला १५ ते ३५ हजार लागतात. त्याआधी दोन स्वस्त वाटा बघा: दार पूर्ण बाजूला जाणाऱ्या बिजागऱ्या, ज्यांनी दीड-दोन इंच मिळतात, किंवा चाकांची अरुंद कमोड खुर्ची, साधारण ३ ते ६ हजारांत.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे: उंचीच्या बारापट लांबी. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट, दोन इंचांच्या उंबऱ्याला दोन फूट. ‘जागा कमी आहे, थोडा चढ ठेवतो’ असं गवंडी म्हणाला तर नाही म्हणा. त्या उतारावरून खुर्ची सुटते. जागाच नसेल तर घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प १० ते २५ हजारांत मिळतो.

बंगल्यात लिफ्ट बसवायची असेल तर खर्च लाखांत जातो आणि ‘महाराष्ट्र उद्वाहने, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम, २०१७’ लागू होतो. आधी परवानगी, मग लिफ्ट, मग परवाना. हे सगळं विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून होतं. हे काम विक्रेता करणार की तुम्ही, शुल्क कोण भरणार आणि वार्षिक देखभाल करार कितीचा, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.

परवानगी आणि कागद

फ्लॅट असेल तर सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज द्या. सोबत कामाची यादी, साधा नकाशा, ठेकेदाराचं नाव आणि कामगारांची ओळखपत्रं. फरशी, नळ, रंग याला बहुधा एवढं पुरतं. भिंत पाडणं, शौचालयाची जागा हलवणं याला महापालिकेची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल लागतो. कॉलम आणि बीमला हात लावू देऊ नका, ग्रॅब बारसाठीसुद्धा. जिन्याचा कठडा किंवा प्रवेशद्वाराचा रॅम्प ही सामाईक जागा आहे. तो ठराव सोसायटीने करायचा, खर्चही सोसायटीचा. भाड्याचं घर असेल तर एक भोक पाडण्याआधीही मालकाची लेखी संमती घ्या.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

सोसायटीची अनामत, परत मिळण्याची अट लिहून घ्या. राडारोडा गोणीवर की टेम्पोवर, आणि तो टाकणार कुठे. रस्त्याकडेला सापडला तर दंड तुमच्या नावावर येऊ शकतो. माल वर चढवण्याची हमाली. एकच बाथरूम असेल तर दोन आठवडे आई-वडील कुठे राहणार, याचाही खर्च धरा. होळी आणि दिवाळी-छठच्या आसपास काम सुरू करू नका. कारागीर गावी जातात आणि बाथरूम उघडं पडतं.

जीएसटी: मालासह ठेक्याच्या कामावर १८ टक्के. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही, त्याला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. क्रमांक दिला तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघा. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हे ऐकू नका. पक्कं बिल नसेल तर गळतीची तक्रार कशाच्या जोरावर करणार?

पैसे टप्प्यांत द्या. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर दोन आठवडे बाथरूम वापरून झाल्यानंतर.

मदत कुठे मिळते?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना उपकरणांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. कमोड खुर्ची आणि वॉकर यात बसतात. आधार, बँक पासबुक, फोटो आणि स्वयंघोषणापत्र घेऊन जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात जा. अर्ज सध्या घेताहेत का, ते आधी फोनवर विचारा. यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

कर्ज काढायचं असेल आणि गृहकर्ज चालू असेल, तर वैयक्तिक कर्जाआधी टॉप-अपचा दर विचारा. जुन्या करप्रणालीत, स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती कर्जावरच्या व्याजाची वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळते.

ठेकेदाराने फसवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७.

पहिला टप्पा या महिन्यातच उरका. पडल्यानंतर घाईत बोलावलेला ठेकेदार भाव कमी करत नाही, आणि तुम्हीही तेव्हा तीन कोटेशन मागवायच्या मनःस्थितीत नसता.