तलावकाठचे शिक्षण-उद्यान : आहार व औषधी द्रव्यांचा प्रत्यक्ष परिचय

द्रव्यगुणशास्त्राचे अध्ययन केवळ ग्रंथांवर पूर्ण होत नाही. शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी औषधींना नावाने व रूपाने ओळखतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. त्यांची योजना जाणणे हे मात्र वैद्याचे कार्य होय. सुश्रुताचार्यांनीही (सूत्रस्थान, अध्याय ३६) गोपाल, तापस, व्याध व कंदमुळांवर राहणारे यांच्याकडून औषधींची ओळख करून घेण्यास सांगितले आहे. शिक्षण-उद्यानातील पहिला शिक्षक कोण असावा, याचे उत्तर संहितांनीच दिलेले आहे.

भंडारा जिल्ह्यात असे उद्यान तलावाकाठी असणे स्वाभाविक आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने भातशेतीसाठी येथे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून हे तलाव शासनाकडे गेले. पुढे अनेक तलावांत गाळ साचला व बेशरम माजली. १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच असलेल्या, आताच्या गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या साहाय्याने तलावांतून बेशरम काढून हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, निम्फॉइडिस यांसारख्या स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावल्या. हेतू मुख्यतः मत्स्यसंवर्धनाचा होता. तथापि कोणती वनस्पती किती पाण्यात रुजते, हे ढिवर स्त्री-पुरुषांचे ज्ञान आपल्या शास्त्रासही तितकेच उपयुक्त आहे.

उद्यानाची मांडणी

१. पाळ : अर्जुन व तरोटा (चक्रमर्द). तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्याच्या आरंभी खाल्ली जाते. बीज दद्रू, कुष्ठ यांत उपयुक्त.

२. ओलसर काठ : ब्राह्मी, मंडूकपर्णी, माका.

३. उथळ पाणी : कमळ, कुमुद, शिंगाडा. शृंगाटक मधुर, शीत, गुरु, ग्राही व रक्तपित्तहर. कमळाचे कंद (शालूक) व देठ (बिस) गुरु असल्याने नित्य सेवन करू नयेत, असे चरकाने मात्राशितीय अध्यायात सांगितले आहे. एकाच द्रव्याच्या आहार व औषध या दोन्ही बाजू विद्यार्थ्यास येथे एकत्र दिसतात.

औषधनिर्मात्यांसाठी

ब्राह्मी व मंडूकपर्णी बाजारात अनेकदा एकाच नावाने विकल्या जातात. ब्राह्मीचे पान लहान, मांसल, जवळजवळ देठरहित व समोरासमोर असते. मंडूकपर्णीचे वाटोळे, वृक्काकार व लांब देठाचे. दोन्ही शेजारी वाढताना एकदा पाहिल्यावर गफलत होत नाही. वाळलेल्या चुऱ्यात मात्र हा भेद डोळ्यांना कळणे कठीण. तसेच या वनस्पती पाण्यातील जड धातू शोषून घेतात. म्हणून सांडपाणी मिसळणाऱ्या जलाशयातील माल औषधास घेऊ नये.

ज्ञानाचे ऋण

ढिवर, गोंड जाणकारांना केवळ माहिती सांगणारे न मानता शिक्षक मानावे व योग्य मानधन द्यावे. जैवविविधता कायद्यानुसार (२००२) गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात स्थानिक नावे व उपयोग ग्रामस्थांच्या संमतीने नोंदविण्यास वैद्यांनी साहाय्य करावे. जाणकारांची पुढील पिढी काठावरून दूर गेली, तर संहितेतील नावे उरतील, पण ती कोणत्या रोपाची, हे दाखविणारा हात उरणार नाही. प्रत्येक तालुक्यातील वैद्यांनी मिळून एक तलाव निवडावा व येत्या पावसाळ्यात आरंभ करावा, ही विनंती.