फोटोत गाल भरलेले दिसतात

मोलगी, ता. अक्कलकुवा

चि. भाचीस,

तू पाठवलेला फोटो तुझा बाप बाजारभर दाखवत फिरला. आमचूर घेणाऱ्या व्यापाऱ्यापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत कोणाला सोडलं नाही. ‘पोरगी नाशिकला जाऊन भरली बघा,’ म्हणाला. वहिनीने मीठ-मिरची ओवाळली. मी तोच फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला आणि माझ्या पोटात धस्स झालं. गाल भरलेत, हनुवटीखाली गोलाई आली आहे, पण मनगटं तशीच आणि गळ्याची हाडं तशीच वर. अंगावर वजन येतं तेव्हा ते असं एकट्या तोंडावर येत नाही गं.

त्यात परवा तुझ्या खोलीतल्या मुलीचे वडील भेटले. सहज बोलून गेले, ‘पोरी मेडिकलमधून भूक लागायच्या गोळ्या आणतात, महिन्यात वजन वाढतं म्हणे.’ त्यांना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या पोरींमध्ये तूही आहेस का, हे मी त्यांना विचारलं नाही. तुला विचारते आहे.

आधी हे कळव : कुठल्या गोळ्या, किती दिवसांपासून, कोणी दिल्या? पट्टीचा फोटो पाठव. पट्टी कापून दिली असेल, नाव दिसत नसेल, कागदाच्या पुडीत सुट्या दिल्या असतील, तर तेही लिही. सुट्या गोळ्यांची तर मला जास्तच भीती वाटते.

वजन वाढव असं दिवाळीत मीच तुला म्हटलं होतं, ते मी विसरलेले नाही. उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ४१ किलो. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की साडेसोळाच्या आसपास आकडा येतो, आणि १८.५ च्या खाली आला की आम्ही नर्स ‘कमी वजन’ लिहितो. तुझ्या उंचीला निदान साडेपंचेचाळीस किलो हवेत. म्हणजे साडेचार किलो कमी. महिन्याला एक, फार तर दोन किलो वाढले तरी पुष्कळ. चार-पाच महिन्यांचं काम आहे ते. तुझ्या धावण्याच्या सरांनी ‘पुढच्या स्पर्धेआधी वजन दाखव’ म्हटलं असेल तर त्यांना माझा नंबर दे, मी बोलते.

आता त्या गोळ्यांचं ऐक. भूक लागायची म्हणून जी गोळी बिनचिठ्ठीची विकली जाते, तिच्यात बहुतेकदा सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध. त्याने झोप येते, अंग जड होतं. आणि तिच्या जोडीला पुष्कळदा दुसरी बारीक गोळी देतात, डेक्सामेथासोन. ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या हातात ते जीव वाचवतं, मी पाहिलं आहे. पण वजनासाठी घेतलं की ते अंगात पाणी धरून ठेवतं, चरबी तोंडावर आणि पोटावर आणतं, हातापायांचे स्नायू मात्र खातं आणि हाडं पोकळ करतं. धावणाऱ्या पोरीला ज्या दोन गोष्टी लागतात, नेमक्या त्याच ते काढून घेतं. शिवाय स्पर्धेच्या वेळी नाडाची, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची माणसं लघवीचा नमुना घेतात, त्यात ते सापडलं तर बंदी येते. ‘मला माहीत नव्हतं’ याला तिथे किंमत नाही. २०१० च्या राष्ट्रकुलात आणि आशियाई स्पर्धेत रिलेचं सोनं आणणाऱ्या मुली आठवतात? त्यांतल्या अश्विनी अक्कुंजी आणि इतर काही जणी २०११ मध्ये उत्तेजक चाचणीत सापडल्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून बंदी असलेलं औषध पोटात गेलं असं त्यांचं म्हणणं होतं. तरी एक वर्षाची बंदी झाली आणि वरच्या लवादाने ती दोन वर्षांची केली. डब्यावरच्या पहिलवानाचं चित्र पाहून वजनाची पावडर आणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

एक गोष्ट नीट वाच, कारण घाबरून तू उलटंच करशील. गोळ्या सुरू होऊन आठवडे झाले असतील तर हे पत्र वाचून एकदम फेकून देऊ नकोस. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबवतं, आणि अचानक बंद केलं तर चक्कर, उलट्या, कधी त्याहून वाईट होतं. पट्टी घेऊन नाशिकच्या सिव्हिलमध्ये जा, डॉक्टरांना खरं सांग, ते कमी कमी करत बंद करतील.

मी एवढी का बोलते ते तुला ठाऊक आहे. माझी नोकरी कुपोषित पोरांत गेली. इथल्या ग्रामीण रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्राच्या खाटांवर आया पोरं घेऊन येत. त्यांतली काही हाडांचा सापळा असायची, आणि काही चक्क गुबगुबीत. गुबगुबीत पोराची आई म्हणायची, ‘बाई, हा तर चांगला आहे, ह्याला कशाला ठेवता?’ मी पोराच्या पायावर अंगठा दाबून धरायचे. उचलला की खड्डा तसाच राहायचा. ती सूज. तसलं पोर उपचाराला लागलं की त्याचं वजन आधी उतरतं, पाणी निघून जातं, आणि मग खरं वजन चढायला लागतं. आया घाबरायच्या, मी त्यांना सांगत बसायचे. तू आत्ता पायाच्या नडगीवर अंगठा दाब, दहा अंक मोज आणि मला सांग.

आणखी एक तिथेच शिकले. वाळलेल्या पोराला पहिल्या दिवशी भरपूर खायला घातलं तर ते दगावू शकतं. आधी पातळ, कमी ताकदीचं दूध थोडं थोडं, दिवसरात्र. पोट आणि काळीज सावरलं की मग दूध-साखर-तेलाचं दाट मिश्रण. तुझी अवस्था तशी नाही, देव करो तशी कधी न होवो. पण घाई नको, हा नियम तुलाही लागू आहे.

तू खातेस किती? खरं सांग. मागच्या वर्षी कोणीतरी मोठी मुलगी तुला म्हणाली, ‘हलकी झालीस तर टाइम सुटेल,’ आणि तू रात्रीचं जेवण सोडलंस. वहिनीला ते मेसमधल्या स्वयंपाकिणीकडून कळलं. वर पहाटे उपाशीपोटी पंधरा किलोमीटर! माणूस धावतो तेव्हा किलोमीटरला साधारण वजनाइतक्या कॅलरी जातात. म्हणजे तुझ्या सहाशे गेल्या. ज्वारीच्या जवळजवळ तीन भाकरी नुसत्या रस्त्यावर सांडल्या. मग हृदयाला काय उरलं, हाडांना काय, मेंदूला काय? शरीर मग काटकसर करतं, आणि पहिली कात्री पाळीवर चालवतं.

पाळीचं तू हसण्यावारी नेलंस. ‘बरं झालं, स्पर्धेत कटकट नाही,’ म्हणालीस आईला. मला ऐकून इतका राग आला की त्या रात्री मी तुला फोन केला नाही, केला असता तर वाईट बोलले असते. सतराव्या-अठराव्या वर्षी हाडांत जी भर पडते ती पुढे तेवढी पडत नाही. पाळी थांबली की ती भरही थांबते. अमेरिकेत मेरी केन नावाची मुलगी होती, शाळेत असताना तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. वजन उतरव, उतरव म्हणून प्रशिक्षक तिच्यामागे लागले. तीन वर्षं पाळी नाही, पाच हाडं मोडली. २०१९ मध्ये तिने स्वतःच हे जगाला सांगितलं. तीन महिने पाळी नसेल तर धावणाऱ्या मुलीने डॉक्टरकडे जावं असं ऑलिंपिकच्या डॉक्टरांचंही म्हणणं आहे. तुझे तर त्याच्या वर गेलेत. गोळ्यांनी काटा पुढे सरकेल, सरही खूश होतील, पण हे आतलं तसंच राहील. म्हणून पुन्हा विचारते, त्या गोळ्या कसल्या आहेत?

सिव्हिलला जाशीलच तर हिमोग्लोबिन बघ, थायरॉइड बघ, खोकला-ताप असेल तर बेडक्याची तपासणी कर. आणि तू सिकलसेलची वाहक आहेस हे तिथे आठवणीने सांग. आजोबांच्या बाजूने आलंय ते, तुला माहीत आहेच. वाहक माणसाने धावायला हरकत नाही. पण पाणी कमी पडू द्यायचं नाही, उन्हात हट्टाने जोर लावायचा नाही, आणि पाय बधिर पडले, दम कोंडला की तिथेच थांबायचं. सर ओरडले तरी थांबायचं. लोहाच्या गोळ्याही रक्त तपासल्याशिवाय घेऊ नकोस.

आता खाण्याचं. दिवसाला तीन-चारशे कॅलरी जास्त पोटात गेल्या तरी पुरतात, त्याला डबा लागत नाही. तुझी अडचण मला कळते : भाकर चार घास खाल्ली की पोट गच्च होतं. म्हणून भाकरी वाढवण्याच्या मागे लागू नकोस, आहे त्याच जेवणात दाटपणा आण. उडदाच्या डाळीवर वरून चमचाभर तेल घाल. मूठभर शेंगदाण्यांत दीडशेच्या वर कॅलरी असतात, खिशात ठेव, येता-जाता खा. तीळ, शेंगदाणा आणि गुळाचे लाडू करून पाठवते, त्यातला एक आणि केळं पहाटे धावायच्या आधी. नुसत्या चहावर पळायचं नाही. धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात दूध आणि दोन अंडी, मग बाकीची कामं. भगर दुधात शिजवून गूळ घालून रात्री झोपताना खा. मेसमध्ये नाचणी-भगर देत नसतील तर मी इथून पाठवते, आपल्या मोलगीच्या भगरीला काय तोटा! जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस, लोह अंगाला लागत नाही. त्यापेक्षा लिंबू पिळ. पावडरच्या डब्याला जेवढे पैसे जातात त्यात किती दिवसांची अंडी येतात याचा हिशेब तूच कर, गणितात तू माझ्यापेक्षा हुशार आहेस.

आणि काही आठवडे किलोमीटर कमी कर. हे तुला सगळ्यात कडू लागेल. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, दंड, वजन घेऊन पायऱ्या. खाल्लेल्याचा स्नायू तिथे होतो. दुपारी झोप. रोज काट्यावर उभी राहू नकोस, आठवड्यातून एकदा, सकाळी, पुरे.

मी आश्रमशाळेत आठशे मीटर धावायचे हे तू आजीकडून ऐकलं असशील. जिंकायचे ते ती सांगते. पुढचं सांगत नाही, कारण तिला ते ठाऊक नाही. विभागाच्या स्पर्धेत शेवटच्या वळणावर माझ्या डोळ्यांसमोर अंधारी आली, पोरी एकेक करून पुढे गेल्या. काय खाल्लंस असं मला कोणी विचारलं नाही. सकाळपासून चहा आणि दोन बिस्किटं एवढंच पोटात होतं. मी समजले, आपल्यात तेवढा दमच नाही. शाळेच्या मैदानावर पुन्हा फिरकले नाही. पुढे नर्सिंगला गेल्यावर एकमेकींचं रक्त तपासायला शिकवलं, तेव्हा माझं हिमोग्लोबिन सात निघालं. सात! त्या दिवशी होस्टेलच्या खोलीत मी खूप रडले, मैत्रिणींना वाटलं आजाराला घाबरले. मला रडू वेगळ्याच गोष्टीचं होतं. अजूनही देवगोईच्या घाटात पहाटे कोणी पळताना दिसलं की मी एसटीच्या खिडकीतून मान वळवून पाहते.

तू माझ्यासारखी अडकायला नकोस. हरसूलच्या डोंगरातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंदर सिंगांकडे शिकून २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुलात दहा हजार मीटरचं कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. आपल्यासारख्याच घरातली. तिथवर जायचं तर तुझ्या हातात वर्षं आहेत, या महिन्याची स्पर्धा गेली तर जाऊ दे.

फार बोलले. तू लहान असताना कोणी रागावलं की जेवायची नाहीस, तसं आता करू नकोस. गोळ्या घेतल्या असतील तर घेतल्या. वजन वाढव म्हणून सगळ्यांनी मिळून तुझ्यामागे लकडा लावला, त्यात मीही होते. तुझ्या बापाला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू म्हणशील तेव्हाच सांगेन. सिव्हिलला एकटी जायला भीती वाटत असेल तर मी येते, तू फक्त दिवस कळव.

लाडू, भगर आणि शेंगदाणे तुझ्या भावाबरोबर पाठवते आहे. डबा रिकामा झाला की परत दे. नाही संपला तर तसाच भरलेला दे, मी रागावणार नाही. काय जात नाही ते मला कळेल आणि दुसरं करून पाठवीन.

फोन कर. इथे रेंज येते-जाते, लागला नाही तर पुन्हा कर. रात्री कितीही वाजता केलास तरी मी उचलीन.

तुझी,
आत्या