आधी डॉक्टर, निवडणूक नंतर

“डॉक्टर होऊन पुढे राजकारणात जायचंय,” असं मुलीने म्हटलं की बारामती-इंदापूरकडच्या घरांतही आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. पालकांनो, तिला गप्प बसवू नका. रस्ता खरा आहे. फक्त क्रम चुकू देऊ नका.

उदाहरण नाशिकचं

डॉ. भारती पवार एमबीबीएस झाल्या, मग जिल्हा परिषदेत सदस्य. २०१४ साली दिंडोरीतून लोकसभेला हरल्या. २०१९ साली दुसऱ्या पक्षाकडून जिंकल्या आणि जुलै २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. २०२४ मध्ये पुन्हा पराभव. सासरे ए. टी. पवार मंत्री होते, म्हणजे राजकारण घरातलंच. हेही मुलांना स्पष्ट सांगा. मंत्रिपद मतदारांच्या हाती असतं, पदवी आपल्या हाती. म्हणून ती आधी.

पदवीचा रस्ता

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. मग ७२० गुणांची ‘नीट’ प्रवेश परीक्षा. साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर बंधपत्राची सेवा येते. ती चुकवू नका, कारण खरं शिक्षण तिथेच मिळतं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. औषध संपलं किंवा डॉक्टरची जागा रिकामी राहिली, तर नेमका कोणाचा दरवाजा ठोठावायचा, हे जो तिथे राहून शिकला, त्याला उद्या खातं चालवताना फाइल वाचता येईल. या कामाची गोडी लागली तर पुढे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करा.

निवडणुकीचे नियम

जिल्हा परिषदेसाठी वय किमान २१, विधानसभा-लोकसभेसाठी २५. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, आधी राजीनामा द्यावा लागतो. आरोग्यमंत्री होण्यासाठी डॉक्टर असण्याची अट नाही. त्यामुळे केवळ मंत्रिपदासाठी एमबीबीएसला जाऊ नका. रुग्ण तपासायची मनापासून ओढ असेल तरच जा.

पालकांनो, आज एवढंच करा: येत्या ग्रामसभेला मुलीला सोबत न्या. गावच्या उपकेंद्राबद्दल कोण काय विचारतं आणि उत्तर कोण देतं, ते तिला ऐकू द्या. घरी आल्यावर तिनेच प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर तिची आवड खरी आहे असं समजा.